एकोणीस खोटी बाकडी

१

सोमवारी सकाळी नऊच्या सुमारास मला कळलं, की मी सहा आठवडे ज्याला नकाशा शिकवत होतो त्या माणसाने गावात एकोणीस खोटी बाकडी ठेवली आहेत.

ठेवली म्हणजे नकाशावर. आमचा नकाशा सगळ्यांचा आहे. कोणीही इंटरनेटवर यावं आणि आपल्या गल्लीतला दवाखाना, पूल, पाण्याचा नळ त्यावर मांडावा. पगार कोणालाच नाही. आमच्या गावापुरती आम्हा कार्यकर्त्यांची यादी आठ जणांची आहे. नवीन माणूस आला की आठांपैकी एक जण त्याचा मार्गदर्शक होतो. तीन वर्षांपूर्वी मी त्यासाठी हात वर केला, तोही कीबोर्डवरूनच. समोरासमोर कोणी विचारलं असतं, तर चाळीस वर्षं ग्रंथालयात जे केलं तेच केलं असतं: कपाटामागे गेलो असतो.

निरोप होता पहारेकऱ्याचा. हे त्याचं नकाशावरचं टोपणनाव. पोटापाण्यासाठी तो एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करतो.

"काका, तुमच्या 'गोगलगाय'ने घातलेली एकोणीस बाकडी मी काल रविवारी स्वतः फिरून तपासली. एकही जागेवर नाही. काल संध्याकाळीच एका गृहस्थाची तक्रार आली. हॉस्पिटलमधून सासऱ्यांना घरी नेत होता. नकाशात पावलोपावली बाकडी दिसली, म्हणून गाडी केली नाही. शेवटी म्हातारा माणूस फुटपाथच्या कडेवर बसला. शनिवारी दुपारी बारा वाजता मी बाकडी पुसणार आणि गोगलगायीचं खातं कायमचं बंद करणार. काही सांगायचं असेल तर त्याआधी सांगा."

गोगलगाय कोण, बाई की बुवा, हे मला ठाऊक नव्हतं. पण माझ्या अकरा शिष्यांत इतकं नेटकं काम कोणाचंच नव्हतं. 'तीन पायऱ्या, कठडा डावीकडे.' 'पाच पायऱ्या, कठडा हलतो.' अशा तिच्या नोंदी वाचताना मला जुन्या ग्रंथपालाची आठवण यायची. असं माणूस खोटं का लिहील?

बाकड्यांबद्दल मी तिला मागच्या महिन्यात तीन वेळा विचारलं होतं, अगदी भीतभीत. उत्तर आलं नव्हतं. मी स्वतःला सांगितलं होतं, की माझंच पत्र लांबलचक झालं असेल.

बाहेरच्या खोलीत खुर्ची ओढल्याचा कर्कश आवाज झाला. माझी मोठी बहीण, आक्का, सकाळी कुंड्यांना पाणी घालते तेव्हा असे आवाज होतातच. मी नकाशा उघडला. एकोणीस बाकडी मोजली. मग पुन्हा मोजली.

वीस होती.

विसावं आठ वाजून चाळीस मिनिटांनी, म्हणजे नुकतंच उगवलं होतं. ते आमच्याच गल्लीत होतं. आमच्याच घराच्या दारात.

२

मी खिडकीतून पाहिलं. दारात कुंड्या होत्या, पायपुसणं होतं. बाकडं नव्हतं.

"आक्का, आपल्या दारात कोणी बाकडं ठेवलंय का गं?"

"नाही बाई," आक्का स्वयंपाकघरातून म्हणाली. "ठेवलं असतं तर तू कधी बाहेर पडून बघितलं असतंस?"

मी पहारेकऱ्याला फोन केला. फोन करायचा म्हटलं की मी आधी कागदावर वाक्यं लिहून घेतो. त्याने पहिल्याच वाक्यावर मला तोडलं.

"विसावं? तुमच्या दारात? काका, ही सरळसरळ तुमची टिंगल आहे."

"पण असं कोण करेल हो?"

"दोघांवर माझा संशय आहे. एक, तो फर्निचरवाला. तेरावं बाकडं बरोबर त्याच्या दुकानासमोर आहे. फुकटची जाहिरात! दुसरा, तुमचा जुना शिष्य पतंग. दोन वर्षांपूर्वी एक दिवस अचानक निघून गेला. तुम्ही त्याच्या नोंदी फार दुरुस्त करायचात, हे सगळ्यांना माहीत होतं."

हे मला नको होतं, कारण रोज झोपण्याआधी मीही तेच म्हणत असे.

"आणि तिसरी शक्यता," पहारेकरी म्हणाला, "गोगलगाय ही नुसतीच टवाळखोर आहे. बाकड्यांखाली तिने काय टिपा लिहिल्यात वाचल्यात का? 'मांजर असतं.' 'पाणी पण.' 'विचारावं लागतं.' बाकड्याला काय विचारायचं असतं, काका?"

माझ्या हातात फक्त पाच दिवस होते.

३

फर्निचरवाल्याकडे जायला मला मंगळवारची संध्याकाळ झाली. दुकानासमोरून मी चार वेळा गेलो. पाचव्यांदा तोच बाहेर आला.

"आजोबा, काही हवंय का? आधी बसा बघू. दमलेले दिसताय."

त्याने आतून एक खुर्ची काढून फुटपाथवर टाकली. मी बसलो, कारण नाही म्हणायला जास्त बोलावं लागलं असतं.

"तुमच्या दुकानासमोर... म्हणजे इथे... एखादं बाकडं होतं का?"

"बाकडं? छे. गेल्या पंधरा वर्षांत नाही."

"तुम्ही ठेवणार होता का?"

"मी सोफे विकतो, आजोबा. दारात फुकटचं बाकडं ठेवलं तर माझ्या सोफ्यावर कोण बसून बघेल?" तो पोट धरून हसला. "नकाशाबिकाशा मला कळत नाही. बायकोच्या माहेरी जाताना अजूनही मी चुकतो. की मुद्दाम चुकतो, कोण जाणे."

खोटं बोलणारा माणूस असा हसत नाही. निदान मला तसं वाटलं. माणसं वाचण्यात मी कच्चाच आहे. मी आभार मानून उठलो आणि त्याने खुर्ची आत नेली. ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोर घडलं. मी ते पाहिलं आणि सोडून दिलं. कोड्याचं उत्तर माझ्या ढुंगणाखाली होतं, आणि मी ते चक्क परत करून आलो.

४

पतंगाला फोन करायला आणखी दोन दिवस गेले. गुरुवारी दुपारी धीर केला.

"गुरुजी!" तो इतक्या जोरात ओरडला की मी फोन कानापासून लांब धरला. मागे कोणीतरी रडत होतं, दोन वेगवेगळ्या आवाजांत. "थांबा, एकीला खाली ठेवतो. हां, बोला."

मी कागदावरचं वाक्य वाचलं. "तू माझ्यामुळे नकाशा सोडलास, याबद्दल मला फार..."

"तुमच्यामुळे? अहो, जुळ्या मुली झाल्या मला! दोन वर्षं झाली, मी स्वतःची दाढी सोडून काही केलेलं नाही. तीही अर्धीच." तो फोटोग्राफर आहे. "तुम्ही दुरुस्त्या केल्यात म्हणून तर शिकलो. लग्नाचे फोटो काढायला अनोळखी हॉलमध्ये गेलो की अजून आधी दारं आणि जिने मोजतो. तुमची सवय."

दोन वर्षं मी एका माणसाची मनातल्या मनात माफी मागत होतो, आणि तो तिकडे माझ्या नावाने जिने मोजत होता.

"पण गुरुजी, तिने उत्तर दिलं नाही म्हणून तुम्ही तिला दोषी धरताय का? ती फोनवरून काम करते की कॉम्प्युटरवरून?"

मी पाहिलं. प्रत्येक नोंद फोनवरून केलेली होती.

"मग झालंच की! स्वागताचं पहिलं पत्र नकाशाची साइट आपोआप ईमेलने पाठवते, पत्ता आपल्याला दिसत नाही. पुढचं सगळं तुम्ही चर्चेच्या पानावर लिहिता. फोनवर ते पान दिसतच नाही हो. तुमची तीन पत्रं मला वर्षभराने सापडली. त्यातल्या एकात तुम्ही पानभर माफी मागितली होतीत, का ते अजून कळलं नाही."

मी फोन ठेवला. गोगलगाय गप्प बसलेली नव्हती. आपल्यावर आरोप आहे हेच तिला माहीत नव्हतं. आणि तिच्यापर्यंत पोहोचायचा आमच्याकडे एकही रस्ता नव्हता.

शनिवार परवावर आला होता.

५

मग मला जे एकच काम येतं ते मी केलं. यादी केली. वीस बाकडी तारखेप्रमाणे लावली. प्रत्येकाची वेळ, टीप आणि आधीच्या बाकड्यापासूनचं अंतर. आक्का समोर विणत बसली होती. तिने पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली आहेत; ऐकून घ्यायची तिला सवय आहे, गप्प बसायची नाही.

"काय रे पंडिता, सुतकी तोंड का?"

"आक्का, सगळ्या नोंदी सकाळी आठ ते दहामधल्या आहेत. आणि सहा आठवड्यांत एकही रविवारची नाही. रविवारी काय बंद असतं?"

"तुझं डोकं सोडून? दुकानं."

मी लिहून घेतलं. पहारेकऱ्याने बाकडी तपासली ती रविवारी. सासऱ्यांना घेऊन तो गृहस्थ निघाला तोही रविवारी.

"आता अंतरं ऐक. पहिल्या आठवड्यात वीस मीटर, पंचवीस, बावीस. तिसऱ्यात चाळीस, पन्नास. शेवटची दोन एकशे दहा आणि एकशे चाळीस. सगळी एकाच रस्त्याने, एकापुढे एक. पहारेकरी म्हणतो, टवाळखोर कंटाळत गेला म्हणून विरळ झाली."

आक्काच्या सुया थांबल्या.

"कंटाळत नाही गेला," ती म्हणाली. "बरा होत गेला. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी अशीच मोजायचे. पलंग ते दार. दार ते न्हाणीघर. पहिल्या दिवशी मधे स्टुलावर बसले होते, आठवतंय? स्टूल तूच धरलं होतंस, थरथर कापत."

आठवत होतं. आणि मग बाकीचं एकामागून एक जागेवर बसलं, जसं पुस्तकाचं सुटलेलं पान बरोबर आकड्याला बसतं. कठडा डावीकडे की उजवीकडे, हे कोण लिहितं? ज्याला तो धरावा लागतो तो. 'विचारावं लागतं.' बाकड्याला कोणी विचारत नाही, माणसाला विचारतात. मांजर असतं, ते दुकानात. जे सकाळी असतं आणि रविवारी नसतं, ते जमिनीला पक्कं नसतं. ते कोणीतरी बाहेर काढतं आणि आत नेतं.

"आक्का," मी हळूच म्हणालो, "सोमवारी सकाळी आठ चाळीसला तू दारात काय करत होतीस?"

"कुंड्यांना पाणी. आणि मग ती कुबडीवाली आली, तिला लाल खुर्ची दिली. बिचारी धापा टाकत होती. तेव्हापासून रोज येते. भारी बोलते! बस चालवायची म्हणे, जिन्यावरून पडली."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस बाकडं आहे का. बाकडं नाहीये. खुर्ची आहे का, असं विचारायचं होतंस."

मी फोन उचलला. या वेळी कागदावर वाक्य न लिहिता.

६

शुक्रवारी सकाळी साडेआठला पहारेकरी आमच्या बाहेरच्या खोलीत खिडकीशी बसला. बॅगेत त्याने मोजायची टेप आणली होती.

"काका, बरोबर पंधरा मिनिटं. कॉलेजला जायचंय."

आठ पस्तीसला कुबडीचा आवाज आला. पंचेचाळिशीची एक उंच बाई गल्लीच्या कोपऱ्यावरून वळली. आक्काने न बोलता लाल खुर्ची उचलली, दारात टाकली, पदराने पुसली. बाई बसली. फोन काढून तिने वेळ पाहिली.

"आक्का, आज दोन मिनिटं आधी! रेकॉर्ड!"

पहारेकऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी दारात गेलो. इतक्या वर्षांत किती शिष्यांना पत्रं लिहिली, पण समोर उभं राहून एकालाही भेटलो नव्हतो.

"तुम्ही... गोगलगाय का?"

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आणि तुम्ही ते 'निःसंकोच विचारा' वाले आजोबा! तुमचं पत्र मी पाठ केलंय. 'यादीत नेमका शब्द नसेल, तर थांबू नका. सगळ्यात जवळचा निवडा.' काय छान लिहिलंय!"

हे वाक्य माझं होतं. प्रत्येक नवख्याला मी ते पाठवतो. नवख्याने अडून बसू नये म्हणून. एकोणीस खोट्या बाकड्यांचा गुन्हेगार अखेर सापडला होता, आणि तो उंबरठ्यात उभा होता.

"बाई, हे बाकडं नाही," पहारेकरी माझ्या मागून म्हणाला. त्याने तिला सासऱ्यांची हकीगत सांगितली. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला.

"फुटपाथवर बसले? अरे देवा." तिने फोन मांडीवर उलटा ठेवला. "मला वाटलं नव्हतं हो असं होईल. पण साहेब, मी निवडायचं काय होतं? तुमच्या यादीत बाकडं आहे, खांब आहे, कचरापेटी आहे. इस्त्रीवाला मला स्टूल देतो. शिंपी देतो. चावीवाला देतो, वर पाणी देतो. त्यांच्यासाठी कचरापेटी निवडू?"

"पण कशाला घालायचं मुळात?"

"बारा वर्षं बस चालवली मी. पुढचा थांबा कुठे ते ठाऊक असलं की गाडी निघते. पाय मोडल्यावर दोन महिने घराबाहेर पडले नाही, कारण पुढे बसायला कुठे मिळेल तेच माहीत नव्हतं. माझ्यासारखी अजून कितीतरी माणसं घरात बसली असतील. त्यांना थांबे नकोत?"

पहारेकरी टेपची चकती फिरवत राहिला. मग म्हणाला, "मला दाखवा. सगळे."

आम्ही तिच्यासोबत उलट दिशेने निघालो, तिच्या चालीने. शिंप्याने मशीन न थांबवता पायाने स्टूल पुढे सरकवलं. फर्निचरवाल्याने खुर्ची काढली आणि मला पाहून म्हणाला, "काय आजोबा, सापडलं का बाकडं?" चावीवाला मात्र पहारेकऱ्याकडे टक लावून पाहत होता.

"साहेब, रविवारी तुम्हीच ना, टेप घेऊन रस्ता मोजत होता? मी वर गॅलरीत होतो. उन्हात घामाघूम झाला होता. हाक मारणार होतो, पण वाटलं सरकारी माणूस असेल. आज बसा."

पहारेकरी बसला. चावीवाल्याने पाणी दिलं. पहारेकरी ते सगळं प्यायला आणि पेला त्याने हातातच धरून ठेवला.

"नियम नियम आहे, काका," शेवटी तो म्हणाला. "बाकडी उद्या बाराला पुसली जाणार."

गोगलगायीने कुबडी घट्ट धरली.

"आणि खातं?" मी विचारलं. आवाज माझाच होता; मलाच ओळखू आला नाही.

"ते तुमच्यावर आहे. यादीत नवा शब्द घालायचा तर आठांपैकी पाच मतं लागतात. उद्या बाराच्या आत मिळवा. नोंद बरोबर लावता आली, तर चूक यादीची होती, माणसाची नव्हती. नाही मिळवलीत, तर मला खोट्या नोंदींचा नियम लावावाच लागेल."

७

प्रस्तावाचा मजकूर पहारेकऱ्यानेच लिहिला, पेला परत करण्याआधी, फोनवर. 'बसू देतात: दुकान वा घर. वेळ लिहावी. सुट्टीचा दिवस लिहावा. विचारून बसावं.' पहिलं मत त्याचं, दुसरं माझं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत आणखी दोन आली. एकाने नाही म्हटलं. दोघे प्रवासात होते, त्यांचे फोन लागेनात. उरला एक, ज्याचं नाव दोन वर्षं आठांच्या यादीत नुसतंच होतं.

शनिवारी अकरा वाजता मी पतंगाला फोन केला. उचलला नाही. साडेअकराला केला. नाही. आक्का माझ्यामागे उभी राहून पडद्यावरचं घड्याळ पाहत होती.

"पुन्हा कर."

"कामात असेल गं. किती त्रास द्यायचा?"

"निःसंकोच विचारा असं लोकांना लिहितोस ना? मग विचार."

अकरा पन्नासला त्याने उचलला. "गुरुजी, दोघींना आंघोळ घालत होतो! काय? पासवर्ड? थांबा, आठवतो. कुठेतरी तुमचंच नाव घातलं होतं..."

अकरा छप्पन्नला पाचवं मत पडलं. खाली त्याने टीप लिहिली होती: 'हो. एका हाताने.'

बरोबर बारा वाजता पहारेकऱ्याने बाकडी पुसली. बारा वाजून एक मिनिटाने गोगलगायीने पहिली नोंद घातली. मी तक्रार करणाऱ्या गृहस्थाला माफीचं पत्र लिहिलं, लहानसं, आणि नवीन यादी जोडली. त्याचं उत्तर आलं: 'सासरे विचारतात, मांजर कोणत्या दुकानात असतं?'

स्वागताच्या पत्रातली ती ओळ मी खोडली. तिच्या जागी लिहिलं: 'यादीत नेमका शब्द नसेल, तर मला विचारा. बहुधा मलाही माहीत नसेल. मग आपण आक्काला विचारू.' खाली माझा फोन नंबर घातला. घालताना हात अडखळला, पण घातला.

सोमवारी आठ तीसला मी लाल खुर्ची उचलली.

"अगंबाई," आक्का कुंड्यांमागून म्हणाली, "पंडितांनी उंबरठा ओलांडला!"

गोगलगाय आली, बसली, दम खाल्ला. काय बोलावं ते मला सुचेना, म्हणून मी शेजारी नुसता उभा राहिलो. ती फोनवर काहीतरी टाइप करत होती. ती गेल्यावर मी आत जाऊन विसावी नोंद उघडली. टीप बदललेली होती.

'लाल खुर्ची. आठ ते दहा, रविवारीही. आजोबा लाजतात, पण बसू देतात.'